आक्काताईनं मारलेली हाक

भूपाल मगदूम नव्या घरात जेवून खाटेवर आडवा झालाय. डोळा लागू द्यायचा नाही असं ठरवलंय, कारण ऊन कललं की न्यायला गाडी येणार आहे. पण डोक्यावर पंखा फिरतोय, शेजारच्या खळ्यावर कुणीतरी सोयाबीन बडवतंय, आणि काठीच्या एकेका दणक्यासरशी तो थोडा थोडा खाली जातोय.

गाडी पाठवणारा मिहिर राजाध्यक्ष पुण्याचा फोटोग्राफर आहे. महापुरात तो बचावाच्या नावेत होता. गोठ्याच्या पत्र्यावर चढलेली, केस सुटलेली, पदर वाहून गेलेली, तोंड उघडलेली एक बाई त्यानं टिपली. नाव भरलेली होती, ती वळली नाही. दुसरी येईपर्यंत गोठा राहिला नाही. ती बाई भूपालची बायको, आक्काताई. म्हशीचं दावं सोडायला ती मागं थांबली होती.

पुरानं घर नेलं, घरातला लग्नाचा फोटो नेला, रेशन कार्डावरचाही नेला. आता आक्काताईचा चेहरा असलेला जगात एकच फोटो आहे, मिहिरचा. त्यानं त्याला 'आक्रोश' नाव दिलंय. भिंतीएवढा मोठा केलाय. आज सांगलीत त्याचं प्रदर्शन उघडतंय आणि समईची पहिली वात भूपालनं लावायची आहे. मग एक प्रत त्याला घरी न्यायला मिळेल. भूपालनं मान डोलवली होती. तेव्हापासून राग धुमसतोय, आणि तो कुणावर काढावा हे त्याला कळत नाही.

काठीचा आवाज थांबतो. आक्काताई खाटेच्या पायथ्याशी बसून सुपात सोयाबीन पाखडतीय.

"कुठं निघालाय नवरदेव होऊन?" ती विचारते.

तिला बघून त्याला नवल वाटत नाही. सांगलीला, तो म्हणतो, तुझ्या फोटोला. पदर नाही तोच काय, असं ती विचारते. मग ती सुरू होते. रेशन कार्डाच्या फोटोला आपण शेजारच्या चंपूबाईचं नवं लुगडं मागून नेसलो होतो, वेणी दोनदा घातली होती, आणि ह्या बाबानं इकडं बघा एवढंसुद्धा म्हटलं नाही. बोलता बोलता ती सूप आपटते. दाणे पाण्यात पडल्यासारखे वाजतात.

पाणीच आहे. खाट एका मोठ्या पांढऱ्या खोलीत आहे, हवा गार आहे आणि फरशीवर घोट्याएवढं पाणी आहे. कागदी पेल्यात कॉफी घेतलेली माणसं त्यात उभी आहेत. खाली कुणी बघत नाही. समोरच्या भिंतीवर फोटो आहे आणि पाणी त्याच्याच चौकटीतून गळतंय. एक चष्मेवाली बाई दुसरीला सांगते की पाण्यावरचा उजेड किती सुंदर पडलाय.

"ती बुडतीया तिथं," भूपाल म्हणतो. बाई मान तिरकी करून उजेडच बघत राहते.

मिहिर येतो, वाकून पाण्यातच त्याच्या पाया पडतो. हळू आवाजात पुन्हा तेच सांगतो. आणखी एक माणूस घेतलं असतं तर नाव उलटली असती, नावाडीच तसं म्हणाला. फोटो काढला नसता तर जगाला काही कळलं नसतं. जागेपणी हे ऐकून भूपालनं मान डोलवली होती. आता मान हलत नाही.

"नाव भरली हुती, खरं हाय," तो म्हणतो. "पर तू हात तर हलवायचा. दुसरी नाव येतीया म्हणून सांगायचं. माणूस एवढं तर करतंय का न्हाई?"

"हातात कॅमेरा होता," मिहिर म्हणतो. अगदी साधेपणानं म्हणतो, उत्तर बरोबर आल्यासारखं.

भूपालला त्याची गचांडी धरायची आहे. हात पुढं जातो, पण मधे पाणी आहे आणि ते आता गुडघ्यावर आलंय. जगाला कळलं म्हणे. जगाला एवढंच कळलं की हा फोटो चांगले काढतो.

आक्काताई सूप काखेत मारून स्वतःच्याच फोटोखाली उभी आहे. खालची पाटी वाचतीय.

"आक्रोश म्हंजी काय वो?"

रडणं, ओरडणं, तो सांगतो.

"मी रडतोय कुठं?" ती चिडते. "डोळं हायत का न्हाईत तुमास्नी?"

"मग काय करतीस?"

ती इकडंतिकडं बघते. आवाज खाली आणते. "तुमचं नाव घेतोय."

लग्न झाल्यापासून तिनं त्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. दवाखान्यात नवऱ्याचं नाव विचारलं की ती सासूला पुढं करायची.

"अवो म्हणून वरडलो असतो, तर नावंतली निम्मी माणसं वळून बघितली असती," ती म्हणते. "मग लाज सोडली. नुसतं भूपाल, भूपाल."

भूपाल तेव्हा मिहिरच्या पुढच्या नावेत होता. आईचं डोकं मांडीवर होतं आणि कानाशी इंजिन होतं. तो फोटोकडं बघतो. उघडं तोंड तेच आहे, पण आता ते किंचाळत नाही, त्याच्याकडं वळलेलं आहे. मग तर मला तो पाहिजेच, तो म्हणतो. वात लावतो, प्रत घेतो, घरी टांगतो.

"आणि बाकीच्यांनी? रोज कापी पीत ऐकायची व्हय माझी हाक? ती तुमास्नी मारलीया. ह्या लोकांस्नी न्हाई."

"आक्के, तुझा चेहरा विसरीन मी."

"विसरा की. कोण मोठी हिरॉइन लागून गेलो हुतो."

पाणी छातीला लागतं. कॉफीचे पेले तरंगत जातात, माणसं बोलतच असतात. ती पाणी कापत त्याच्याजवळ येते, गार ओठ त्याच्या उजव्या कानाला लावते आणि त्याचं नाव घेते. एकदाच. सावकाश.

काठीचा दणका बसतो. खाट घरात आहे. दारात हॉर्न वाजतोय.

"काका, निघायचं ना?" ड्रायव्हर आत डोकावतो. "साहेब वाट बघत्यात. समई मांडून ठेवलीया."

"निघायचं," भूपाल म्हणतो. "सायबाला फोन लाव. म्हणावं, वात लावायला दुसरं कोणतरी बघ. मी फोटो उतरवायला येतोय."

ड्रायव्हर काहीतरी विचारतो, ते नीट ऐकू येत नाही. उजवा कान गच्च झालाय. भूपाल मान कलती करतो, नदीतून पोहून आल्यावर करतात तशी, आणि डाव्या बाजूनं डोक्यावर तळवा आपटतो. कानातून पाणी येतं. ते तो ओंजळीत धरतो. गढूळ आहे, आणि पाणी बोटांतून गळून गेल्यावर तळहातावर गाळ उरतो.