आधी बारीक आवाज

जहाजामागे पाणी हलकेच फसफसलं, मग जरा जोरात. लेक व्हिडिओ कॉलवर समुद्र दाखवत होती. कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या खडकात कोंडून ठेवता येईल का, हे तिचं जहाज पाण्यात दाबलेली हवा सोडून मोठे आवाज करतं आणि त्यांच्या प्रतिध्वनींवरून तपासतं.

"एवढं हळूहळू का गं?"

"आई, आधी बारीक आवाज करायचा. जवळपास डॉल्फिन असतील तर त्यांना लांब जायला वेळ मिळतो."

मला माझे सासरे आठवले. उंबऱ्याबाहेर खाकरल्याशिवाय ते कधी घरात आले नाहीत. आत कुणी पदर सावरत असेल, कुणी बाळाला पाजत असेल.

पाणी फसफसत राहिलं. मला बरं वाटलं. हा धूर आभाळात सोडताना मात्र आपण कुणासाठीच खाकरलो नव्हतो.