डिकीचा लाल दिवा आणि मानाची साडी

"उघड रं! डिकी उघड! पोरगी आत साडीसाठी खोळंबलीया आन तू गाडीला कुरवाळत बसलास?"

आक्काचा आवाज असा, की निपाणीतल्या त्या हॉलचा मांडव हलला आणि सनईवाला सुरावरून घसरला. मी डिकीचं बटण शंभरदा दाबलं, मग चावी फिरवली, मग बुक्क्या घातल्या. झाकण ढिम्म.

आक्काच्या मुलाचा साखरपुडा, अकराचा मुहूर्त. आमच्यात मुलाकडची साडी नेसल्याशिवाय नवरी पाटावर बसत नाही. ती साडी मी वडगावात घरच्या मागावर स्वतः विणलेली, आणि आता डिकीत कोंडलेली. साडेदहा वाजलेले.

खरं सांगायचं तर गाडीनं वडगावातच सांगितलं होतं. पुढं काचेखाली उघड्या डिकीचं लाल चित्र लागलं, टिंगटिंग सुरू झालं. मी उतरून बघितलं, झाकण तर बंद! दिवाच खोटारडा ठरवून मी त्याच्यावर आक्काची एक टिकली चिकटवली आणि रेडिओ मोठा केला.

समोरच्या गॅरेजमधला मेस्त्री आला. पहिला प्रश्न, "दिवा लागत हुता काय?"

"लागत हुता, जरासा," मी म्हणालो.

त्यानं वाकून आत बघितलं आणि नखानं टिकली सोलली. आक्का म्हणाली, "माझी न्हवं ही? गाडीला कुंकू लावून लगीन लावलंस व्हय रं तिचं?"

मेस्त्री मागच्या सीटची पाठ काढता काढता बोलला, "अण्णा, दिवा खोटं बोलत न्हाय. लॉकचा खटका दोनदा वाजाय पायजे. पहिल्यांदा झाकण बसतंय, दुसऱ्यांदा दिवा जातोय. तुमचा एकदाच वाजून मधी अडकलाय. पुढं बी जाईना, मागं बी येईना."

मग तो सीटच्या जागेतून डिकीत शिरला. बाहेर नुसते पाय. मला तर अर्धा तास गेल्यागत वाटलं. आक्का म्हणते पाच मिनिटं. स्क्रूड्रायव्हरनं खटका मागं ढकलला आणि झाकण उघडलं. आक्का साडी घेऊन अशी पळाली, की गुडघेदुखी चार दिवस तिला शोधत फिरली असेल.

लॉकच्या तोंडातून मेस्त्रीनं पिवळा-तांबडा चिखल खरवडला. हळद, कुंकू, तेल, आणि त्यात फुगलेले तांदूळ.

आदल्या दिवशी खंडेनवमी. मागाची पूजा केली, मागावर आडव्या पळणाऱ्या धोट्याला हळदकुंकू वाहिलं, मग गाडीकडं वळलो. आमचा हिशेब सोपा, जे हलतं ते पुजायचं. डिकीचं लॉक उपाशी कशाला, म्हणून त्याच्याही तोंडात चिमूटभर अक्षता भरल्या होत्या.

त्यानं पेट्रोलनं लॉक धुतलं, तेल सोडलं, झाकण आपटलं. खट्, खट्. दिवा गेला.

नवरी त्या साडीत पाटावर बसली तेव्हा अकराला तीन मिनिटं होती. जेवणाच्या पंगतीत मी ती तीन सेकंद करून सांगितली.

दुपारी पेढे घेऊन गॅरेजमध्ये गेलो. छाती फुगवून म्हणालो, "मेस्त्री, खरं सांगा, लॉकला अक्षता घालणारा माणूस अख्ख्या सीमाभागात दुसरा न्हाय भेटला न्हवं तुम्हांला?"

त्यानं पेढा तोंडात टाकला, हात पुसले.

"कालपास्नं तुमची चौथी गाडी."