पाळण्यातला वरवंटा

"रिकामा पालना वाऱ्यानं हलतो गो तिथं. त्यात आपला पोर कोन निजवील?"

भिंतीपलीकडून हे ऐकू आलं तेव्हा मी रांजणावर झाकण ठेवत होते. पिण्याच्या पाण्यावर झाकण हवं असा नियम होता, आणि ते झाकण रोज कुणीतरी बूड टेकायला पळवायचं. बोलणारी होती गोण्या शिवणारी एक तरुण बाई. तिची तान्ही मुलगी त्या वेळी मिठाच्या राशीजवळ, बांधावर उघडून ठेवलेल्या छत्रीच्या सावलीत निजलेली होती. सोबतची वयस्क बाई म्हणाली, "बाईला काय म्हाईत? ती इंग्रजी शिकलेली हाय." दोघी हसल्या. मी झाकण हातात धरून तशीच उभी राहिले.

उरणजवळच्या त्या मिठागराला लागूनच मीठ दळायचा कारखाना होता. स्वातंत्र्यानंतर कारखान्यांसाठी नवा कायदा आला. त्याची इंग्रजी पुस्तिका शेठच्या टेबलावर येऊन पडली आणि ती वाचून सांगायला कुणीतरी हवं म्हणून मला नेमलं गेलं. माझे वडील उरणच्या कस्टम कचेरीत होते. मी मावशीकडे राहून मुंबईत मिशनऱ्यांच्या शाळेत शिकले होते. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडे. पण वाचायला बोलावं कुठं लागतं, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं.

वाचणं सोपंच होतं. खाऱ्या पाण्यात उभं राहणाऱ्यांना रबरी बूट द्यावेत, असं मी वाचलं. बूट दिले. ते घरी गेले आणि एकदम जत्रेत दिसले. "एवढं चांगलं बूट चिखलात घालायचं व्हय?" एका गड्यानं उलट मलाच विचारलं. औषधांची पेटी कामगारांच्या हाताशी असावी, असं मी वाचलं. पेटी भिंतीवर लागली आणि तिची चावी मेहताजींच्या कमरेला. मेहताजी शेठचे कारभारी. "उघडी ठेवली तर आयोडीन खलास, बेन," ते म्हणत. त्यांचं खोटंही नव्हतं. नियम कुणी मोडत नसे. नुसता बाजूला ठेवत, पाहुण्यांसाठीच्या कपबश्यांसारखा.

तान्ह्या मुलांच्या खोलीसाठी मात्र मी हट्ट धरला. गोण्यांची एक खोली रिकामी करवून घेतली, चुना मारून घेतला. हवा खेळती हवी असं पुस्तिकेत होतं, म्हणून समोरासमोर दोन खिडक्या पाडून घेतल्या. आढ्याला साखळ्यांनी चार पाळणे टांगले. सांभाळायला एक म्हातारी ठेवली. आणि एकही मूल आलं नाही. मी पडदे लावले, खुळखुळे आणले. स्वच्छतेवर लिहून आणलेलं एक टिपण बायकांपुढे वाचलं. वाचताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या आणि मी त्यांच्याकडे. म्हातारी दिवसभर दारात बसून चिंचा फोडायची.

मग मेहताजींनी मला बोलावलं. "बेन, शेठ काय म्हणाले सांगू? इन्स्पेक्टरसाहेब येतील तेव्हा खोली खाली दिसली, तर आपण अर्ज देणार. बायकांनाच नको ने, मग आम्हाला ही खोली माफ करा. गोण्या परत आत. आणि पुढच्या मोसमापासून लेकुरवाळ्या बायका घ्यायच्याच नाहीत. झंझटच नको."

मला बांधावरची ती छत्री आठवली. त्या बाईच्या घरात कमावणारी ती एकटीच होती.

त्यामुळेच भिंतीपलीकडचं ते वाक्य घेऊन मी घरी गेले. आई तांदूळ निवडत होती.

"आई, रिकामा पाळणा हलवला तर काय होतं?"

तिचा हात सुपातच थांबला. "शुभ नसतं ते. मुलाला बाधतं म्हणतात. तू कुठं हलवलास?"

"मी नाही. वारा हलवतो."

त्या दोन्ही खिडक्या मीच नियमाप्रमाणे पाडून घेतल्या होत्या. खाडीवरचा वारा एका खिडकीतून शिरे, चारही पाळण्यांना झोका देई आणि दुसरीतून निघून जाई. दिवसभर. येता-जाता सगळ्या बायकांच्या डोळ्यांदेखत.

रात्री जेवताना मला भाचीचं बारसं आठवलं. तिला पाळण्यात घालण्याआधी माझ्या आत्यानं वरवंटा कापडात गुंडाळून आत निजवला होता. "दगडाला का?" असं मी शाळेतल्या शहाणपणानं विचारलं होतं. आत्या म्हणाली होती, "आधी कुणीतरी निजलेलं असावं. रिकाम्या जागेत लेकरू टाकू नये." तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं.

सकाळी मी वरवंटा पिशवीत घातला. आई दारापर्यंत मागे आली. "आणि मी चटणी काय कपाळावर वाटू?"

भाचीची जुनी कुंची चढवून मी तो पहिल्या पाळण्यात ठेवला. म्हातारी चिंचा टाकून उठली, तिनं वाकून बघितलं आणि कुंचीचे बंद नीट बांधले. "कान झाकून ठेव," एवढंच म्हणाली. "वारा हाय."

दुपारपर्यंत बातमी राशींवर पोचली. दारात बायकांची गर्दी झाली.

"बाईचा पोर लय काला हाय गो!"

"आनि वजनाला बघ! बाप कंचा म्हनायचा?"

"रडत न्हाय पन. बाईसारखाच मुका!"

माझे कान तापले. पळून जावंसं वाटलं. पण दारात त्याच उभ्या होत्या, त्यामुळे पळायला वाट नव्हती. मग त्यांच्यामधून ती तरुण बाई पुढे आली, मुलीला खांद्यावर घेऊन. तिनं पाळण्यातून वरवंटा उचलला, माझ्या हातात दिला आणि त्या उबेला आपली मुलगी निजवली. उबेला म्हणजे काय, दगड थंडच होता. पण मला तसं वाटलं खरं.

"धर गो बाय तुझा पोर," ती म्हणाली.

बाकीच्या बायकांनी समुद्रकाठचे गुळगुळीत गोटे आणले, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळून. मूल उचललं की गोटा आत, मूल आलं की गोटा बाहेर. हा नियम कुठंही लिहिलेला नव्हता. तो कुणाला वाचून दाखवावा लागला नाही, त्याची चावी कुणाच्या कमरेला नव्हती, आणि तो एकदाही मोडला गेल्याचं मला आठवत नाही. काही दिवसांनी बांधावरची छत्री घरी गेली.

इन्स्पेक्टर आले ते न कळवता, आणि नेमके दुपारच्या सुट्टीत. मुलांना पाजायला त्यांच्या आया भिंतीमागच्या सावलीत घेऊन गेल्या होत्या. मेहताजी साहेबांना थेट त्या खोलीत घेऊन आले. शेठचा अर्ज त्यांच्या खिशात तयारच होता.

"बघा साहेब, एक पोर नाही. दगड निजवलेत, दगड! अडाणी लोक. यांना खोली कशाला?"

इन्स्पेक्टर मध्यमवयीन, थकलेले गृहस्थ होते. ते पाळण्यावर वाकले, बोटानं कुंची जराशी बाजूला केली आणि आतला वरवंटा बघितला. मग माझ्याकडे वळून त्यांनी इंग्रजीत विचारलं, हा काय प्रकार आहे?

मी पाळण्याची साखळी धरली. उत्तर इंग्रजीत तयार होतं, कलमासकट. ते हळू आवाजात सांगून मोकळं होता आलं असतं. पण भिंतीमागचं बोलणं एकाएकी थांबलं होतं. मी जशी रांजणापाशी उभी राहून ऐकत होते, तशा आता त्या ऐकत होत्या. इंग्रजीत बोलले असते तर त्यांना काहीच कळलं नसतं.

मी मराठीत बोलले, भिंतीपलीकडे जाईल एवढ्या मोठ्यानं.

"तो दगड नाही, साहेब. मूल दूध प्यायला गेलंय. ते येईपर्यंत त्याची जागा धरून ठेवलीय. आमच्यात पाळणा रिकामा ठेवत नाहीत."