सुतकातलं चौथं वर्ष

मला कॉलेजचं चौथं वर्ष करायचं होतं. आमच्या गावात हे सांगितलं की लोक दचकायचे. पदवी तीन वर्षांची असते हे सगळ्यांना ठाऊक, तेव्हा चौथं वर्ष म्हणजे पोरगी नापास झाली. नव्या धोरणात आणखी एक वर्ष संशोधन केलं की ऑनर्सची पदवी मिळते, हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. शेवटी बाबाच परस्पर उत्तर देऊ लागले, "नापास नाय, जास्त पास झालीय."

जास्त पास होण्याच्या अटी मात्र सोप्या नव्हत्या. एकही केटी, म्हणजे राहिलेला विषय, शिल्लक नको, साडेसातच्या वर सीजीपीए हवा, संशोधनाचा विषय ठरलेला हवा, आणि ठरलेल्या दिवशी विद्यार्थी व मार्गदर्शक दोघांनी समितीसमोर उभं राहून सह्या करायच्या. दोघांपैकी एकही आला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. वनस्पतिशास्त्राच्या आमच्या सरांकडे एकच जागा होती आणि यादीत माझं नाव पहिलं होतं.

विषय घरचाच होता. आमचं गाव गोखिवऱ्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. बांध घालून खाडीचं पाणी अडवलेली जी जमीन असते ती खाजण. तिथे खारं पाणी सोसणारा लाल भात पूर्वी सगळे लावायचे; तोच माझा विषय. आता अर्ध्या खाजणात भराव पडून इमारती झाल्यात आणि उरलेल्यात गवत आहे. तो भात लावणारे आमच्या भाऊकीत एकच उरले होते, थोरले काका. बाबांचे चुलतभाऊ. मी त्यांच्या शेतातली माती डब्यात भरू लागले की ते बांधावर बसून हसायचे. "त्यान काय शिकायचा गो? पेरायचा नि खायाचा." माणूस तिरसट होता, पण मी आले की चहा पाठवायला सांगायचा.

सरही आमच्या भाऊकीतलेच. कॉलेजात मी त्यांना सर म्हणायचे, गावात दादा. याचा मला फार अभिमान होता. आपला माणूस मार्गदर्शक असला की काळजी नाही, असं मला वाटायचं.

सह्यांच्या दिवसाला आठवडाही उरला नव्हता आणि थोरले काका गेले. सकाळी त्यांनी बी भिजत घातलं, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मला रडू आलं ते खरं होतं. पण अंगणात बायका जमत होत्या तेव्हा माझ्या डोक्यात तारखा फिरू लागल्या, हेही खरंच आहे. सगळ्या भाऊकीला दहा दिवसांचं सुतक. म्हणजे मलाही आणि सरांनाही.

आता सुतकात माणसं काही घरात बसून राहत नाहीत. तिसऱ्या दिवसानंतर काकांचे दोन्ही मुलगे कंपनीत गेले. बाबा कामावर गेले. सर कॉलेजात गेले, पेपर तपासले. चालू काम करायला हरकत नसते. नवं काम मात्र सुरू करायचं नाही. आणि माझं वर्ष नवं काम होतं.

"सुतकान सुरू केलेल्या कामाला यश येत नाय," बाबा म्हणाले.

"यश राहू दे, मला आधी प्रवेश हवाय," मी म्हणाले. आईने डोळे वटारले.

मी सरांना गाठलं. ते काकांच्या ओटीवर चटईवर बसले होते, दाढी वाढलेली. त्यांच्याकडे परदेशात छापलेल्या शोधनिबंधांची चळत आहे, बुरशीवर ते तासभर बोलू शकतात. मी हळूच म्हणाले, "दादा, गुरुवारी सह्या आहेत." त्यांनी आजूबाजूच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. "बाय, लोक काय बोलतील? काकांचे दिवससुद्धा झाले नाहीत. तू पुढच्या वर्षी अर्ज कर, नियमात बसतं." मी म्हटलं, "तुम्ही तरी हे मानता का?" ते म्हणाले, "मी मानत नाही गं. पण गावात राहायचंय ना." मला त्यांचा त्या क्षणी जितका राग आला तितका एखाद्या अडाण्याचा आला नसता. जो मानतो त्याच्याशी भांडता तरी येतं.

गुरुवारी मी एकटी कॉलेजात गेले. समितीतल्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि यादीतलं पुढचं नाव पुकारलं.

इकडे काकांनी भिजवलेलं बी गोणपाटात तसंच पडवीत होतं. त्याला मोड आले, मोडांच्या मुळ्या झाल्या, कोणी हात लावला नाही. मग ते आंबलं. समाचाराला येणाऱ्या बायका नाकाला पदर लावायच्या आणि मी त्या वासात बसून पुढच्या वर्षाचा हिशेब मांडायचे. कारण बी अजून होतं. खारं पाणी शिरून पेरलेलं गेलंच तर पुन्हा पेरायला म्हणून काका अर्धं बी नेहमी पिंपात मागे ठेवायचे. मी काकीला विचारलं. ती म्हणाली, "सुतकान बी देत नाय कोनी. बाराव्याला ये, देईन तुला."

बाराव्याला सगळा गाव जेवायला होता. मी पंगतीत बसले आणि पानावर भात पडला. लाल. जाड. वास ओळखीचा. मी वाढणाऱ्याकडे बघतच राहिले. तो काकांचा धाकटा मुलगा होता. अभिमानाने म्हणाला, "बाबांच्या बाराव्याला बाबांचाच भात. काल गिरनीतून भरडून आनला."

"सगळा?"

"सगळा. ठेवून काय करायचा? जमीन भरावाला दिली. पेरनार कोन?"

समोरच्या ओळीत सर जेवत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पानात टाकता येत नाही, मेलेल्याच्या नावाचं अन्न. मी सगळा भात खाल्ला. चव चांगली होती, ते जास्त लागलं.

निघताना काकीने माझ्या हातात फडक्यात बांधलेली पुरचुंडी दिली. "बी नाय राहिला गो. पोरांनी मना इचारला नाय. ह्यो तुज्यासाठी काढून ठेवला." आत तांदूळ होता, भरडलेला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पुरचुंडी पिशवीत ठेवली.

भरडलेल्या तांदळाला मोड येत नाही. हे वनस्पतिशास्त्र न शिकलेल्यालाही कळतं आणि माझ्याकडे तर त्याची पदवी होती. तरी घरी येऊन मी त्यातला मूठभर ओल्या फडक्यात बांधला आणि कपाटामागे ठेवला. रोज सोडून बघायचे. काही दिवसांनी त्याला पडवीतल्यासारखा वास यायला लागला. आईने विचारलं, "कसला वास येतो गं?" मी म्हटलं, "काही नाही, कपाटामागे आहे ते टाकून दे."