कागद की कापड

पॉलिशपेपर हातात आला की आधी त्याची पाठ बघायची. हे मी कोणालाही सांगते, विचारलं नसलं तरी. खरखरीत बाजू सगळ्यांची साधारण सारखीच असते, खरी गंमत पाठीला. पाठ कागदाची असेल तर दोनदा दुमडली की घडीवरचे खडे गळतात आणि लवकरच तुकडा हातात येतो. पाठ कापडाची असेल तर दुमडा, पिळा, खुर्चीच्या गोल पायाभोवती गुंडाळून दोन्ही टोकांनी खेचा, काही होत नाही. फाडायला गेलात तर कापड टर्रकन सरळ फाटतं आणि कडेला दोरे दिसतात. कागद वेडावाकडा फाटतो. तरीही शंका राहिली तर एक कोपरा पाण्यात बुडवून ठेवायचा. कागद असेल तर फुगून त्याचे पापुद्रे सुटायला लागतात. हे सगळं मला येतं, लोकांना शिकवण्याइतकं येतं. म्हणूनच जे झालं त्याला माझ्याकडे सबब नाही.

नोकरी संपल्यावर मी मुलुंडच्या आमच्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी एक टेबल टाकून सुतारकाम सुरू केलं. मोडक्या खुर्च्या, शेजाऱ्यांचे पाट, कोणाच्या देव्हाऱ्याचं दार. सासूबाई या प्रकाराला 'तुजो कारखानो' म्हणायच्या. भुसा घरात येतो म्हणून कुरकुर करायच्या आणि शेजारीण आली की तिला तोच कारखाना दाखवायला न्यायच्या. मूळच्या मालवणकडच्या. उभा जन्म मुंबईत गेला तरी बोलणं तिकडचंच राहिलं.

भांडुपला ओळखीच्यांचा फर्निचरचा कारखाना आहे. तिथे मशीनवरचे पॉलिशपेपरचे मोठे पट्टे झिजले की फेकून देतात. मी पिशवी घेऊन जाते आणि ते उचलून आणते. नवरा म्हणतो, "अगं, नवीन घे ना, किती लागतो तुला?" पण त्याला त्यातली मजा कळत नाही. बऱ्याच पट्ट्यांचे खडे झिजलेले नसतातच, त्यांच्यामध्ये नुसता भुसा बसलेला असतो. क्रेप रबराच्या तळव्याची जुनी चप्पल त्यावरून घासली की भुसा चपलेला चिकटून निघतो आणि पट्टा पुन्हा कामाला लागतो. खरोखरच झिजलेल्याच्याही पट्ट्या कापून मी ठेवते. कुठे ना कुठे लागतात.

अशीच एक पट्टी मी बाथरूमच्या पायरीला लावली. आमच्याकडे दुरुस्तीच्या वेळी नवे पाइप घालायला बाथरूमची जमीन उंच केली, तेव्हापासून दाराशी संगमरवराची एक पायरी झाली आहे. ओली झाली की निसरडी. सासूबाई पंच्याऐंशीच्या घरात आलेल्या, पण अंघोळ त्यांची त्या करायच्या. दार लावून, आतून कडी घालून, कोणी मदतीला आलेलं खपायचं नाही. "माजी अंगुळ मी करतंय. लोकांनी न्हाऊ घालूक मी काय ल्हान पोर?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाकी सगळं त्यांनी एकेक करून सोडून दिलं होतं, स्वयंपाक, बाजार, देवळात जाणं. राहिली होती ती ही एक अंघोळ.

पायरीसाठी बाजारात खरखरीत टेप मिळते. नवरा मागवणारच होता. मीच म्हटलं, कशाला, माझ्याकडे आहे की. झिजलेला कापडी पॉलिशपेपर अनवाणी पायाला उत्तम. घसरू देत नाही आणि बोचतही नाही. पाण्याचीही भीती नाही. चपला चिकटवायच्या पिवळ्या सोल्यूशनने बसवला की काम झालं. बोलले सगळं बरोबर. पट्टी मात्र काढली ती पायरीच्या लांबीला अगदी नेमकी बसणारी, तपकिरी पाठीची, जाड आणि ताठ. कापडी पट्ट्यांच्या पाठीवरही कधीकधी असा लेप असतो की वीण दिसतच नाही, म्हणून वीण दिसली नाही याचं मला काही वाटलं नाही. कोपरा फाडून बघायला हवा होता. पण कोपरा फाडला असता तर पट्टी तेवढी आखूड पडली असती, आणि इतका नेमका बसणारा तुकडा खराब करणं माझ्या जिवावर आलं. पाण्यात बुडवून बघायचं तर वाळेपर्यंत थांबायला लागलं असतं. मी म्हटलं, जाड आहे, कापडच असणार.

सासूबाईंनी पायाने चाचपून बघितलं. "खरखरीत आसा, पण चावणा नाय," म्हणाल्या. मला कोण आनंद झाला! शेजारणीला ती पायरीसुद्धा दाखवून झाली.

काही आठवडे पट्टी छान राहिली. मग एका सकाळी मी चहा गाळत असताना बाथरूमपाशी धप्पकन आवाज आला. सासूबाई अंघोळ करून बाहेर येताना पायरीवरून घसरून खाली बसल्या होत्या. पातळ भिजलेलं, एक हात चौकटीला, चेहरा पांढराफटक. नवऱ्याने आणि मी त्यांना उचलून पलंगावर नेलं. एक्सरे काढला, हाड शाबूत निघालं. कमरेला मुका मार. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस आराम करा आणि मग चालायला लागा. पडून राहू नका."

पायरी मी त्याच दिवशी बघितली, सासूबाई दवाखान्यातून यायच्या आधीच. नवरा त्यांना घेऊन गेला होता आणि मी मागे राहिले होते. पट्टी अर्धी सुटून गुंडाळली गेली होती. पाठीचे पापुद्रे निघाले होते, खालचा थर लगद्यासारखा मऊ झालेला. कापड कुठे नव्हतंच. नुसता जाड कागद. मी ती खरवडून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात, भाजीच्या सालांच्या खाली दाबून टाकली. नवऱ्याने आल्यावर विचारलं, "पट्टी होती ना गं तिथे?" मी म्हटलं, "साबणाचं पाणी होतं रे. पट्टी निघायलाच आली होती, काढून टाकली." अर्धं खरं बोललं की खोटं किती सहज पचतं! मला माझीच किळस आली, पण बोललेलं मी मागे घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवी पट्टी लावली. या वेळी फाडून बघितली, दोरे बघितले, भिजवून बघितली. ती आजही तसूभर हललेली नाही. पण सासूबाईंचा भरवसा पट्टीवरून उडालेलाच नव्हता. तो त्यांच्या पायांवरून उडाला होता. "पाय गेले गो माजे," त्या म्हणत. आधी दार उघडं ठेवून अंघोळ करायला लागल्या. मग पायरीच नको म्हणाल्या, पलंगावरच अंग पुसून घ्यायला लागल्या. मग जेवणही पलंगावर. मी त्यांच्यावर वैतागायची. "अहो आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना चालायला? हाडाला काही झालेलं नाही, तुम्ही उगाच घाबरताय." माझ्यामुळे बसलेल्या भीतीवरून मीच त्यांना दटावत होते. त्या गप्प ऐकून घ्यायच्या. एरवी एका शब्दाला चार शब्द देणारी बाई, आणि माझं मुकाट ऐकून घेते, हे मला सहन होत नव्हतं. तरी मी दटावत राहिले.

एका दुपारी त्यांचे पाय चेपत बसले होते. त्या म्हणाल्या, "तुजी ती पट्टी होती म्हणान वाचलंय. नायतर डोक्याच फुटला असता."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या. हे ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं. कागदाला कापड समजले, बघायचा कंटाळा केला, पट्टी भिजून सुटली म्हणून तुम्ही पडलात, आणि ती मी लपवली. मी रडत होते. त्यांनी पाय ओढून घेतले.

"मगे माजे पाय बरे होते?"

"हो आई. तुमच्या पायांचा काही दोष नव्हता."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. इतक्या दिवसांत तसा दिसला नव्हता. मला रागवायचंही त्या विसरल्या. पलंगाची कड धरून उठल्या, मला बाजूला सारलं आणि भिंतीच्या आधाराने बाथरूमपर्यंत गेल्या. मी मागे मागे. त्यांनी चौकट धरली आणि उजवा पाय उचलला. तो जेमतेम जमिनीपासून सुटला आणि पुन्हा खाली टेकला. त्यांनी डावा उचलून बघितला. मांड्या थरथरत होत्या. पडून पडून मांड्यांची ताकद गेली होती. हे मला दिसत होतं आणि त्यांनाही कळलं. मी हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही. भिंतीला धरूनच त्या परत पलंगावर आल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

आता त्यांची अंघोळ मी घालते. स्टूलवर बसवून, पाठीवर पाणी घालून. त्या डोळे मिटून घेतात. त्या दुपारचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. नवऱ्याला सांगेन असं मी मनाशी म्हटलं होतं, मग उद्या सांगू, मग परवा.

परवाच रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. नवऱ्याने पलंगापाशी खुर्ची ओढली आणि म्हणाला, "आई, खरं सांग. डॉक्टर म्हणतात हाडाला काही झालेलं नाही. मग तू एकदम बसलीस का अशी?"

"वय झाला रे माजा," त्या म्हणाल्या. "आणि काय?"

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ताट जरा पुढे सरकवलं. "भात वाढ गो."

बोलायचं तर ते आत्ताच, असं मला वाटलं. मी भात वाढला.