तेराव्या महिन्याची जागा

भाचीचा फोन पोलादपूरहून आला. तिच्या मुलाला मुलगी झाली होती. बाळ-बाळंतीण बरी आहेत, वजन चांगलं आहे, हे सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "मामा, हिचा महिना कुठला धरायचा?"

"बघून सांगतो," मी म्हणालो. बघायचं काही नव्हतं. आमचं हिब्रू पंचांग समोरच्या भिंतीवर होतं आणि पहिला अदार महिना चालू होता.

त्या दिवसापासून बारशापर्यंत मी एका जागी बसलो नाही. सकाळी सावित्री नदीवरच्या दादलीच्या पुलापर्यंत जायचो, पाणी बघायचो, कंटाळून परत यायचो. घरी आलो की पुन्हा चप्पल घालावीशी वाटे. जेवताना मध्येच उठून पंचांगाचं पान बघायचो, जणू महिना बदलला असेल.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज या भागात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बैल सोडून ठेवायचे, म्हणून लोक शनिवार तेली म्हणत. महाडात आता माझंच घर उघडं आहे. बाकीचे ठाण्याला, नाहीतर इस्राएलला गेले. आमच्या घराण्यात एक रीत होती, जी इतर बेने इस्राएल घरांत मी पाहिली नाही. बारशाच्या दिवशी माझे वडील ओटीवर खडूने मोठा चौकोन काढत. याकोबाच्या मुलांचे बारा वंश इजिप्तमधून निघाल्यावर रानात पवित्र तंबूभोवती चार बाजूंना उतरायचे, एकेका बाजूला तीन, तसा तो चौकोन. प्रत्येक वंशाचा एक महिना. बाळ ज्या महिन्यात जन्मलं त्याच्या जागेवर गोधडी घालून ते ठेवायचं, आणि वडील त्या वंशाचा गुण सांगायचे. मध्ये मलिद्याचं ताट असायचं. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, फळं.

वडील ते आपल्या पद्धतीने सांगत. तम्मूझ हा रऊबेनचा, डोळ्यांचा महिना. "आपल्याकडे तेव्हा पावसात नदी दिसत नाही, म्हणूनच नीट बघायचं." पुढचा आव शिमोनचा, कानांचा. सावित्रीचा आवाज बदलला की सामान माळ्यावर चढवायचं, ते कानच सांगतात. शेवात आशेरचा. आशेरला पाय तेलात बुडतील असा आशीर्वाद आहे, त्यामुळे शेवातातलं बाळ आलं की वडिलांचा आवाज चढे, "हा खरा आपला!" शेवटी अदार. तो नफतालीचा, मोकळ्या हरणाचा, हसण्याचा.

वडील गेले आणि पुढच्याच वर्षी बहिणीला मुलगी झाली, हीच माझी भाची. चौकोन काढायची पहिली वेळ माझी. हिब्रू वाचता येणारा घरात मी एकटा होतो आणि त्याची मला चांगलीच घमेंड होती. आमचे महिने चंद्राचे. वल्हांडण सण आपल्या ऋतूत, वसंतात, राहावा म्हणून काही वर्षी अदार दोनदा येतो, तसा त्या वर्षी आला होता. भाची पहिल्या अदारातली. बहीण तिला घेऊन ओटीवर आली आणि म्हणाली, "दादा, कुठल्या बाजूला ठेवू?"

बारा जागा, तेरा महिने. वडिलांनी याबद्दल मला काही सांगितलं नव्हतं, किंवा मी ऐकलं नव्हतं. माणसं बघत होती. मला आठवला तो बाजारात ऐकलेला धोंड्याचा महिना. अधिक मासात आमचे हिंदू शेजारी लग्न-मुंज करत नसत, नवीन काही सुरू करत नसत. तोच न्याय मी आमच्या अदाराला लावला. म्हणालो, "हा वाढीव महिना. याला वंश नाही. हिला जागा नाही."

बहिणीने गोधडी उचलली आणि मुलीला घेऊन स्वयंपाकघरात गेली. मलिदा खायलासुद्धा बाहेर आली नाही.

नंतर काही महिन्यांनी अलिबागकडच्या आमच्यातल्याच एका जाणत्या वृद्धाकडे मी सहज विषय काढला. ते हसले. "अदार दोनदा येतो म्हणजे आनंद दुप्पट. आणि जुने लोक पहिला अदार लेवीचा धरतात, बारांखेरीज तंबूची सेवा करणाऱ्या वंशाचा. लेवीला चार बाजूंत जागा नाही, कारण तो मध्ये असतो, तंबूजवळ." येताना एसटीत मी ठरवलं, उतरल्या उतरल्या बहिणीला सांगायचं. उतरलो आणि घरी आलो. बहीण तेव्हा माहेरीच होती, समोर धान्य निवडत होती. "काय म्हणाले रे?" तिने विचारलं. "विशेष काही नाही," मी म्हणालो.

मुलगी मोठी होत गेली. चुलत भावंडं तिला धोंडी म्हणत. खेळात भिडू निवडताना ती राहिली की, "राहू दे, ती वाढीव आहे." लग्न होऊन ती पोलादपूरला गेली, तर हे नाव तिच्या आधी तिथे पोचलं. काही हरवलं, गाडी बंद पडली, दूध नासलं की सासू म्हणे, "धोंडी बघितली का कोणी सकाळी?" हसत म्हणायची, पण म्हणायची. बहीण वारली तेव्हाही मी बोललो नव्हतो. मोठ्या पुरात वडिलांची पुस्तकं गेली. मला खोटं पाडणारं काही उरलं नाही, आणि ते मला त्या वेळी बरं वाटलं, हेही इथे लिहायला हवं.

आता तिचीच नात पहिल्या अदारात आली. मनात आलं, सरळ नफताली सांगून टाकावं. अदार तो अदार. फोन उचलला तर तिचाच आला.

"मामा, मोबाइलवर बघितलं मी. पहिला अदार हाय."

मी भिंतीवरच्या पंचांगाकडे बघितलं.

"तुम्ही काय सांगताय ते ऐकायचं होतं. माझं जे झालं ते झालं. पण पोरीला चौकोनाबाहेर ठेवणार असाल तर येऊ नका. मी बिनचौकोनाचं बारसं करीन."

पोलादपूरला मला शेजाऱ्याने नेलं. हा माझ्याच वयाचा मुसलमान मित्र, मुलं आखातात, स्वतः अजून टेम्पो चालवतो. वाटेत त्याला सगळं सांगितलं.

"आमच्यात ही भानगडच नाय रे," तो म्हणाला. "जादा महिना नाय. रमजान फिरत राहतो, थंडीत पण येतो, उन्हात पण. तुम्ही लोकांनी महिना वाढवला आणि पोरगी कमी केलीत."

"गाडी नीट चालव."

"गाडी नीटच चाललीय. तुझंच तोंड चालत नाय."

भाचीच्या घरी ओटी सारवलेली नव्हती, चकचकीत फरशी होती. तिच्यावर खडू उमटेना. शेवटी तिच्या मुलाने दुकानातली चिकटपट्टी आणली आणि मी वाकून चौकोन चिकटवला. कंबर धरली. माणसं थोडी होती. भाचीच्या सासूबाई खुर्चीवर होत्या, आता फार थकल्यात. भाचीची सून बाळाला घेऊन आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. भाची दारात होती.

मी मधलं ताट उचललं. "इथे ठेव. मध्ये."

"मधोमध?" सासूबाई म्हणाल्या. "मग ताट कुठं ठेवायचं?"

"बाजूला. पहिला अदार लेवीचा. लेवी तंबूजवळ असतो, चारी बाजूंच्या आत." आणि मग जे बोलायचं होतं ते बोललो. "हिच्या आजीची जागाही हीच होती. मी चुकीचं सांगितलं होतं."

सासूबाई भाचीकडे वळल्या. "म्हणजे गो, इतकी वर्षं तुला आम्ही उगाच धोंडी म्हणत होतो?"

"उगाच नाय," भाची म्हणाली. "मामांच्या शब्दावर."

मग ती माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"तू रांगायला लागली होतीस तेव्हा."

तिने ताट उचललं आणि मलिदा वाढायला घेतला. सगळ्यांना दिला, माझ्या मित्रालाही आग्रह केला. मला बशी दिली, पण नेहमीसारखं "मामा, अजून घ्या" म्हणाली नाही. निघताना मात्र गाडीपर्यंत आली. "तोंडी नको. लिहून द्या. आपली माणसं तिकडे इस्राएलमध्ये आहेत, ठाण्यात आहेत, ग्रुपवर अजून मला तेच म्हणतात. सगळ्यांना पाठवते."

मी लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं, की त्या काळी आमच्याकडे तशी समजूत होती. पाठवलं. तासाभरात तिचा फोन.

"समजूत कोणाची, मामा?"

"म्हणजे, तेव्हा सगळेच..."

"सगळे म्हणजे कोण? आजोबा असं म्हणाले होते? आई म्हणाली होती?"

"नाही."

"मग त्यांना त्यात ओढू नका."

म्हणून हे दुसऱ्यांदा लिहितोय. तशी समजूत कोणाचीही नव्हती. माझ्या वडिलांनी कुठल्याही बाळाला बाहेर ठेवलं नव्हतं. बहिणीने जागा विचारली, आणि मला माहीत नाही हे म्हणायची लाज वाटली म्हणून मी जागाच नाही असं सांगितलं. खरं कळल्यावरही गप्प राहिलो. माझी भाची पहिल्या अदारातली आहे. तिची जागा लेवीची, मधली, आणि ती जन्मापासून तिचीच होती. हे तिच्या आईला मी सांगायला हवं होतं. आता तिला सांगता येत नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांना सांगतोय.