अण्णांचा पाव सेकंद

पृथ्वी स्वतःभोवती फिरते ती आमच्या घरमालकांच्या देखरेखीखाली, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. त्यांनी एखाद्या दिवशी लक्ष काढून घेतलं, तर निदान आमच्या या भागात, बनशंकरीत, तरी सूर्य उशिरा उगवेल. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीही म्हणते. मूळचे निपाणीचे, तरुणपणी इथल्या एका घड्याळाच्या कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तयार घड्याळ पुढे धावतंय की मागे पडतंय, एवढंच तपासत राहिले. कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. घरात अकरा घड्याळं आहेत आणि अकराही एकाच ठोक्याला चालतात. मी पहिल्यांदा घर बघायला गेले तेव्हा मला वाटलं, आत कुणीतरी सुपारी कातरतंय. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, मनगटावर मात्र घड्याळ नाही. "घरात एकानं वेळ बघितली की पुरे," असं त्या म्हणतात.

मी नागपूरची. चारला येते म्हणजे चार ते सहाच्या मध्ये कधीतरी येते, असं मानणाऱ्या घरात वाढलेली. राहायला आले त्याच आठवड्यात भाड्याच्या कागदांवर सही करायला 'सातला येते' म्हणाले आणि सात वाजून चार मिनिटांनी अण्णांची बेल वाजवली. त्यांनी दार उघडून खऱ्याखुऱ्या काळजीनं विचारलं, "काय ओ बाई, वाटेत काय झालं?" मी वरच्या मजल्यावरून आले होते. अण्णा ऑटोत बसले की सिग्नल सुटायच्या तीन सेकंद आधी ड्रायव्हरच्या खांद्याला बोट लावतात आणि "हं, सरी" म्हणतात, कानडीत 'ठीक, चला', म्हणजे त्यानं इंजिन सुरू करायचं. आणि इथल्याच शिवाजीनगरला त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं, तिथे तर त्यांनी कमालच केली. मंगलाष्टकं संपली, गुरुजी 'सावधान' म्हणून अंतरपाट काढणार, तेवढ्यात पहिल्या रांगेतून अण्णा उठले. "स्वल्प थांबा. बावीस सेकंद हायत अजून." भरलं कार्यालय मुठीत अक्षता धरून बावीस सेकंद गप्प उभं राहिलं. गुरुजी अजून त्यांचं नाव काढलं की विषय बदलतात म्हणे.

अशा माणसानं मोबाइलवरचा खेळ करून घ्यावा हे कुणाला पटणार नाही, पण त्यांनी करून घेतला होता, आणि तोही सागरगोट्यांचा. निपाणीला त्यांची थोरली बहीण असते, अक्का. लहानपणी सागरगोट्यांत तिला कुणी हरवू शकत नसे आणि अण्णा तर कधीच नाही. आता अक्कांनी ऐंशी ओलांडली, हात थरथरतात, खरे गोटे उचलणं संपलं. म्हणून अण्णांनी कुणा ओळखीच्या माणसाकडून हा खेळ बनवून घेतला. बोटानं एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत दुसरा उचलायचा आणि खाली येणाऱ्याला नेमक्या क्षणी बोट लावून झेलायचं. दर रविवारी चार वाजता, म्हणजे चार वाजता, फोन स्पीकरवर टाकून बहीण-भाऊ हा खेळ खेळत. दोन वर्षं अक्का जिंकत होत्या. दोन वर्षं अण्णा म्हणत होते की दोष खेळाचा आहे.

मी वर राहते आणि कॉम्प्युटरवर काम करते, हे ध्यानात आल्यावर एके दिवशी ते फोन घेऊन आले. "बघा की. मी बोट लावतोय आत्ता, गोटा हलायलाय मग. पाव सेकंद खातोय." त्यांनी दुसऱ्या फोननं चित्रण करून तो पाव सेकंद मोजून आणला होता. मी आत डोकावून पाहिलं. खेळ म्हणजे आत एक वेबपान आणि वरून ॲपचं आवरण, त्यामुळे प्रत्येक गोष्ट रखडत होती. मी सोपं करून सांगितलं की तुमचं बोट आणि फोन यांच्यामध्ये एक दुभाषी बसलाय. "मग त्याला रजा द्या की," अण्णा म्हणाले. म्हटलं, त्यासाठी सगळा खेळ फोनच्या स्वतःच्या भाषेत, नेटिव्ह कोडमध्ये, पहिल्यापासून लिहावा लागेल. ते म्हणाले, लिहा. मी म्हटलं, फावल्या वेळात करीन, पैसे नकोत. यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. "पैसे नाही घेतलासा तर उशीर झाल्यावर मी तुम्हाला बोलू कसं?"

दुसऱ्या दिवशी ते पाकिटात आगाऊ रक्कम आणि स्टँपपेपरवर करार घेऊन हजर. करारात 'गोटा लगेच हलेल' असं नव्हतं, कारण 'लगेच' या शब्दावर त्यांचा विश्वास नाही. तिथे सेकंदाचा आकडा होता. मग अडीच महिने माझी नोकरी व्हाइटफील्डच्या कंपनीत आणि खरे साहेब खालच्या मजल्यावर, अशी स्थिती होती. रोज सकाळी नऊला दारात उभे. कालची सुधारणा मोजायची, "बरं हाय, पण अजून आळस हाय त्याच्यात," म्हणायचं आणि काकूंनी दिलेला डबा ठेवून जायचं. डब्यातल्या चटणीमुळे मी अनेक अपमान गिळले.

शेवटी खेळ तयार झाला. बोट लागलं की गोटा उडत होता आणि खऱ्या गोट्यासारखा झपकन खाली येत होता. अण्णांनी तो सात वेळा मोजला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. अक्कांच्या फोनवर तो त्यांच्या शेजारणीनं घालून दिला. त्या रविवारी आयुष्यात पहिल्यांदा अण्णा जिंकले. गल्लीत पेढे वाटले. काकू म्हणाल्या, लग्न ठरलं तेव्हा एवढे वाटले नव्हते. पुढच्या रविवारीही तेच जिंकले, पण पेढे आणले नाहीत. तिसऱ्या रविवारी चार वाजता अक्कांनी फोन उचलला आणि डोळे दुखतात म्हणून लवकर ठेवला. चौथ्या रविवारी त्यांनी उचललाच नाही.

अण्णा वर आले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं होऊन गेली होती, आणि हातात घड्याळ नव्हतं. "आत कायतरी बिघडलंय. बघा." तपासणीसाठी मी खेळात दोघांच्याही प्रत्येक बोटाची वेळ माझ्याकडे नोंदवून ठेवण्याची सोय केली होती. ती नोंद उघडली. खेळात काही बिघडलं नव्हतं. अक्कांचं बोट प्रत्येक वेळी गोटा पडून गेल्यावर येत होतं, पाव सेकंद उशिरा, कधी थोडं जास्तच. जुन्या खेळात गोटाच रेंगाळत खाली यायचा. अक्कांच्या थरथरत्या हाताला तो सापडायचा आणि अण्णांचं वक्तशीर बोट त्याच्या आधीच येऊन चुकायचं. तो रखडणारा खेळ त्यांनी पैसे मोजून माझ्याकडून दुरुस्त करून घेतला होता.

ते आकडे त्यांनी स्वतः वाचले. मला समजावून सांगावं लागलं नाही. मग म्हणाले, "एवढा उशीर व्हायलाय अक्काला. मला दिसलंच नाही ओ." मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, फक्त अक्कांच्या फोनवर गोटा हळू पाडते, त्यांना कळणारही नाही. "नको. दोघांना सारखाच पायजे. नाहीतर त्याला खेळ कोण म्हणंल? स्वल्प हळू पाडा, जुन्यागत." आणि ज्या पाव सेकंदासाठी त्यांनी अडीच महिने मला छळलं होतं, तो परत घालण्यासाठी दुसरं पाकीट काढलं. मी घेतलं नाही, तर म्हणाले, उद्या नऊपर्यंत झालं पाहिजे आणि नाही झालं तर मला बोलायचं हाय. मी घेतलं.

रविवारी त्यांनी मलाही खाली बोलावलं. अक्कांनी फोन उचलला, पहिल्या डावात कुरकुरल्या, दुसऱ्यात रमल्या आणि चौथ्यात स्पीकरवरून त्यांचं हसू खोलीभर आलं. "बाळ्या, तुझा हात पहिल्यापासनं घाईचा बघ! धीर म्हणून नाहीच तुला!" अण्णा म्हणाले, "होय अक्का."

नंतर वर जाऊन, सवयीनं, मी त्या दिवसाची नोंद उघडली. अक्कांची बोटं कशीही पडली होती, कधी लवकर, कधी उशिरा, बहुतेक गोट्याला धरून. अण्णांचं बोट मात्र प्रत्येक डावात, प्रत्येक गोट्याला, नेमकं तेवढंच आधी पडलं होतं. एकदासुद्धा फरक नाही. चुकून इतकं बरोबर चुकणं कुणाला जमत नाही. ती नोंद मी पुसून टाकली आणि खाली काकूंना डबा परत द्यायला गेले, तर अण्णा दाराशीच उभे होते. त्यांनी मला किती वाजले ते विचारलं. मी सांगितलं, बहुधा चुकीचं, आणि ते बरं म्हणाले.